तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

आमच्या घराचा उंबरा चार बोटं उंच आहे. हे मला माहीत असायचं खरं तर काही कारण नव्हतं. जन्मभर माणूस उंबरा ओलांडतो, त्याची उंची कोण बघतं? पण हल्ली मी रोज सकाळी त्याच्यापाशी उभी राहते, पाय उचलायचा म्हणते, आणि पाय उचलत नाही. पाय दुखत नाही, लुळाही पडलेला नाही. मी त्याला म्हणते, ऊठ. तो ऐकतो आणि तिथेच राहतो. तेवढ्यात आमची तुरेवाली कोंबडी आत येते, सांडलेले दाणे टिपते, पुन्हा बाहेर जाते आणि जाता जाता मान वाकडी करून माझ्याकडे बघते. त्या कोंबडीचा मला फार राग येतो.

"आये, चल ना गो," सुरुवातीला मागून काळू म्हणायचा. "मना उशीर व्हतंय." काळुराम माझा मोठा मुलगा, कोलशेतला नव्या निघालेल्या कारखान्यात लागलाय. तो मला बखोटीला धरून उचलायचा आणि पलीकडे ठेवायचा, मिठाची गोण ठेवावी तशी. मग सायकल काढायचा आणि जायचा. मुलगा वाईट नाही, फक्त सदा घाईत असतो.

मी सगुणा. खाडीकाठच्या आमच्या आगरी गावाची धवलारीण. बामणांच्या लग्नात भटजी लागतो, आमच्यात त्याच्याही आधी धवलारीण लागते. हळद असो, मांडव असो, सगळं तिच्या गाण्याने पुढे सरकतं. धवला गाऊन ती देवांना, गावदेवीला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते. ज्याचं नाव धवल्यात आलं त्याच्यासाठी पाट मांडायचा, हा आमचा रिवाज. आणि एकदा धवला सुरू झाला की तो संपेपर्यंत मध्ये कोणी तोंड उघडायचं नाही, मग तो पाटील असो की पंच. नवरा गेल्यावरही गावाने माझं धवलारीणपण काढून घेतलं नाही, असा माझा गळा होता. आणि पाय कसे होते म्हणता? मिठागरात डोक्यावर भरली टोपली घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरून मी पळत जायचे.

सुरुवात उजव्या हातापासून झाली. सुपात तांदूळ पाखडायला बसले की हात दोनचार हिसके नीट द्यायचा, मग हिसके लहान लहान होत जायचे, आणि शेवटी सूप नुसतं मांडीवर राहायचं. मला वाटलं, वय झालं. मग चेहरा गेला. म्हणजे जागेवर होता, पण हलेना. शेजारच्या घरात मयत झाली, मी जाऊन बसले, आतून गलबलून आलं होतं, पण तोंडावर रेघसुद्धा उमटली नाही. बायका म्हणाल्या, सगुणाला मस्ती आलीये. बारशाला गेले तर म्हणाल्या, सगुणाला बघवत नाही दुसऱ्याचं सुख. आतल्या आत मी त्यांना अशा शिव्या घातल्या की ऐकल्या असत्या तर त्यांनी कान धरले असते. पण शिवीसुद्धा ओठापर्यंत यायला वेळ लागायचा, आणि ती येईपर्यंत बायका आपापल्या घरी पोचलेल्या असायच्या.

काळूने मला ठाण्याला एका डॉक्टरकडे नेलं. प्रभाकर डॉक्टर, वयाने तरुण, बोलणं पुणेरी. त्यांच्या खोलीत काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी होती. दारात मी नेहमीसारखी अडकले, पण फरशीवर पाय पडला आणि गंमत झाली. एका काळ्या चौकटीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, मी टपाटपा चालत त्यांच्या टेबलापाशी गेले. काळू बघतच राहिला. डॉक्टरांनी मला परत पाठवलं, परत बोलावलं. मग अंगणातल्या सपाट मातीवरून चालायला लावलं, तिथे मी खुंटासारखी उभी.

"हा कंपवात आहे," डॉक्टर काळूला म्हणाले. "हात थरथरले नाहीत तरी तोच. असं समजा, काय करायचं ते माणूस ठरवतो, पण ते किती वेगाने करायचं, आता करायचं की थांबून, हे मेंदूच्या तळाशी एक जागा बघते. ती 'सुटा' म्हणाली की हात सुटतो, जीभ सुटते. यांच्यात ती जागा झिजलीय. ठरवलेलं सगळं आत तयार असतं, पण 'सुटा' म्हणणारं कोणी नाही. बाहेरून ठेका मिळाला, डोळ्यांसमोर रेघ मिळाली, तर मात्र काम दुसऱ्या वाटेने होतं. असं का होतं ते आम्हालाही नीट ठाऊक नाही."

मला त्यांचं बोलणं बरोबर कळलं. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात उघाडी असते, लाकडी दार. भरती कितीही येवो, दार वर केल्याशिवाय आगरात थेंब येत नाही. माझ्या आत भरती होती, आणि दारावरचा माणूस झोपला होता. मला हे डॉक्टरांना सांगायचं होतं. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावलं.

"त्या आळस करत नाहीत," जाताना ते काळूला म्हणाले. "त्यांना वेळ द्या." काळूने मान डोलावली. गोळ्या दुकानात मिळाल्या, त्यांनी तोंड कोरडं पडायचं. वेळ कुठल्या दुकानात मिळतो ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

घरात मला वेळ देणारं एकच माणूस होतं, माझी धाकटी, शालू. सातवी पास झालेली, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ. पण माझ्यासमोर बसली की ती तांदूळ निवडायला घ्यायची आणि माझा शब्द येईपर्यंत खाली मान घालून निवडत राहायची. बाकी सगळे माझं वाक्य स्वतःच पुरं करत. मी "का..." म्हटलं की सून मालन म्हणे, "कालवन पायजे? देतंय." मला काळूला हाक मारायची असायची, आणि समोर कालवण यायचं. मी ते गुमान खायचे.

त्या वर्षी शालूला स्थळ आलं. डोंबिवलीकडचा गोविंदा, घरची शेती, भाताची गिरण, माणूस दिसायला उमदा. बिजवर, पण मूलबाळ नाही. काळू हरखून गेला. तो जेवता जेवता मालनला सांगत होता आणि मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. गोविंदाचं नाव ऐकलं आणि माझ्या अंगात आग उठली.

कारण गोविंदाच्या पहिल्या लग्नात धवला मीच गायला होता. त्याची पहिली बायको गोदा, आमच्याच बाजूची. लग्नानंतर दोन वर्षांनी ती मला एका हळदीत भेटली. मी हात धुवायला मागच्या दारी गेले होते, ती तांब्या घेऊन आली. पाणी घालता घालता तिने इकडेतिकडे बघितलं आणि चोळीची बाही वर केली. दंडावर डाग होते, उलथण्याच्या पात्याएवढे, एकाखाली एक. "मावशे, तू गाऊन मना त्या घरान घातलंस," ती म्हणाली. "आता तूच कायतरी बोल." माझी जीभ तेव्हाच जड व्हायला लागली होती, मला कळलं नव्हतं इतकंच. मी तोंड उघडतेय तोवर मांडवातून तिच्या नावाने पुरुषी हाक आली, तिने बाही खाली ओढली आणि गेली. पुढच्या वर्षी कानावर आलं, गोदा विहिरीत पाय घसरून पडली.

आणि आता तो माणूस माझ्या शालूला मागत होता.

मी काळूला सांगायला निघाले. निघाले म्हणजे काय, तो जेवणावरून उठत होता तेव्हा मी पहिला शब्द गोळा करायला घेतला. तो चूळ भरून आला तेव्हा माझ्या तोंडातून "गो" एवढं बाहेर पडलं. "गोली घेतली नाय वाटतं," काळू म्हणाला, आणि मालनने माझ्या तोंडात गोळी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा प्रयत्न केला. त्याने मला उंबऱ्यापलीकडे ठेवलं, मी त्याचा दंड धरला. "गोदा," मी म्हणाले. पुरा शब्द. "कोन गोदा?" तो म्हणाला, जरा थांबलाही. पण त्याचं लक्ष सायकलकडे होतं, आणि माझ्याकडे कोणी घाईने बघितलं की आतलं दार आणखीच घट्ट बसतं. "सांजला बोलू," म्हणून तो गेला. संध्याकाळी तो गोविंदाच्या मामाला घेऊनच आला.

शेवटी शालूला सांगितलं. तिने सूपभर तांदूळ निवडून संपवले, पुन्हा तेच तांदूळ निवडले, आणि माझ्याकडून सगळं काढून घेतलं. दंड, डाग, विहीर. तिचा हात सुपात तसाच राहिला. मग उठून भावासमोर जाऊन उभी राहिली.

काळूने ऐकून घेतलं. पण मालन हसली. "आये दिसभरान दोन सबूद बोलत नाय, आन तुना येवरी मोठी कता सांगली? तुना लगीन नको तं तसा बोल."

काळू माझ्याकडे वळला. "आये, खरा हाय?" मी हो म्हणायला निघाले. तो बघत राहिला, मालन बघत राहिली, शालूही बघत राहिली, आणि माझं तोंड दगडासारखं. काळूने श्वास सोडला. "बरा, भांडन नको. सुपारीच्या दिशी चारजनांत आयसला ईचारतीलच. आये 'नाय' बोलली तं मी मोडतंय, गावदेवीची शप्पत. आन 'नाय' बोलली नाय तं शालू, तू तोंड उघराचा नाय."

आमच्या गावची रीत अशी. सुपारी फोडायच्या आधी मुलीच्या आईला पाटावर बसवतात आणि गावातला जाणता माणूस तिला तीनदा विचारतो, मुलगी देतेस का. आईने नाही म्हटलं तर पावणे नारळ घेऊन उठतात, कोणी रुसत नाही. आणि तीनदा विचारून आई गप्प राहिली तर तो होकार. आई लाजते, आईच्या गळ्यात हुंदका असतो, तिला तोंडाने हो म्हणायला लावू नये म्हणून कोण्या शहाण्याने ही रीत घातली. चांगली रीत आहे. मी स्वतः आजवर किती आयांच्या शेजारी बसून ती बघितली आणि डोळे पुसले. त्या रीतीत माझ्यासारखी कोणी बसेल हे त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

एक शब्द हवा होता. नाय. त्यात जेमतेम दोन अक्षरं, आणि त्यावर माझ्या पोरीचा जन्म टांगलेला.

डॉक्टरांनी ठेक्याचं काय सांगितलं ते शालूने काळूकडून ऐकलं होतं. तिने मला उखळापाशी बसवलं आणि भात कांडायला लागली. "आये, मुसल परला का बोल." मुसळ पडलं, मी तोंड उघडलं, काही नाही. पुन्हा पडलं, काही नाही. मग धप, धप, धप, असा ठेका अंगात उतरला आणि पुढच्या धपला माझ्या तोंडातून खणखणीत "नाय" बाहेर पडलं. शालू इतकी हसली की मुसळ उखळाबाहेर आदळलं. सुपारीच्या दिवसापर्यंत आम्ही मायलेकींनी घरातलं सगळं भात कांडून काढलं. मालन म्हणाली, एवढा तांदूळ कोणाच्या लग्नाला? बेत ठरला होता. बाहेर ओसरीवर मला विचारायला लागले की आत शालू मुसळ धरणार, आणि मी मुसळाबरोबर नाही म्हणणार.

पावणे आले. गोविंदा पांढऱ्या सदऱ्यात, केस चोपून बसवलेले. मी आतल्या दारात अडकून उभी होते आणि काळू पावण्यांची पायताणं बाजूला करत होता, तेव्हा गोविंदाच पुढे आला. त्याने माझा हात धरला. "सावकास, आये. घाय नाय," तो म्हणाला, आणि खरंच थांबला. माझा पाय उठेपर्यंत थांबला. दोन वर्षांत शालूशिवाय असं कोणी थांबलं नव्हतं. त्याचा हात उबदार होता, मऊ होता. मला किळस आली आणि तरी त्याच हाताच्या आधाराने मी पाटावर बसले. सगळ्यांनी बघितलं, जावई किती मायेचा.

धोंडीबा म्हाताऱ्याने घसा खाकरला. गावातला जाणता तोच. माझ्यासमोर नारळ ठेवला. "सगुणा, शालूला गोविंदाच्या घरी देतंस का?"

मी कान आत लावले. मुसळ पडलं. धप. अजून एकदा, धप. माझ्या पोटातून शब्द निघाला. आणि आतून मालनचा आवाज आला, "पावणे बसलेत न भात काय कांडतंस? सोर ता, पातल नेस." मग मुसळ भिंतीला टेकवल्याचा आवाज. मग काही नाही.

"सगुणा, देतंस का?" धोंडीबाने दुसऱ्यांदा विचारलं.

नाय, नाय, नाय. आत मी ओरडत होते. मी मनात मुसळ मारलं, मनात टाळ्या वाजवल्या. मनातल्या ठेक्याला ते दार भुलत नाही. एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काळूकडे बघितलं, डोळ्यांनी तरी सांगावं म्हणून, पण माझे डोळेही त्या चेहऱ्यातच बसवलेले. त्याला काय दिसणार? काळूच्याच डोळ्यांत पाणी आलं. "आयसला भरून आलाय," तो शेजारच्याला म्हणाला.

धोंडीबा आणखी हळू, आणखी मायेने म्हणाला, "सगुणा, तिसऱ्यांदा ईचारतंय. शालूला देतंस का?"

ओठ सुटले. एवढंच. मग धोंडीबाने नारळ उचलून माझ्या पदरात ठेवला. बायकांनी एकमेकींच्या पाठीवर हात मारले. आत कोणीतरी शालूला म्हणालं, झालं गो तुझं. शालूचा आवाज आला नाही. मला वाटलं, आता मी इथेच मरावं, पण मरायलासुद्धा मला वेळ लागणार.

सुपारी आणली, अडकित्ता आणला. ती फुटायच्या आधी धवला. माझ्या जागी आता रंगूबाई गाते, माझ्याच हाताखाली शिकलेली. तिने ताटलीवर बोटाने ठेका धरला आणि सुरू केलं. गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं, खाडीच्या देवाला बोलावलं. मग घरातल्या मेलेल्यांची जागा आली. ही नावं घरच्या मोठ्या बाईने पुरवायची असतात, त्याच चालीत, गाऊन. रंगूबाईला ठाऊक होतं की मी आजारी आहे. पण माझ्याकडे वळून थांबायची सवय तिला मीच लावली होती. ती वळली. ठेका चालूच होता.

आणि माझ्या तोंडून सूर निघाला.

ये गो ये गोदाबाय, पाट तुना मांडीला,
हिरीतून ये गो वर, पदर तुजा भिजीला.

कोणाला आधी कळलंच नाही. रंगूबाईचं बोट ताटलीवर पडत राहिलं, धवलारीण ठेका सोडत नाही. माझ्या पदरात नारळ होता. मी उठले. पाटावरून, कोणाचा हात न धरता. ठेक्यावर पाय पडत होता, बांधावरून टोपली नेत असल्यासारखा.

ये गो ये गोदाबाय, दंडावं तुज्या डाग,
कुनी दिलं सांग बाय, मांडवान येऊन सांग.

आता कळलं. गोविंदाचा मामा उठायला लागला, धोंडीबाने त्याला हाताने खाली बसवलं. धवला चालू होता. मला आजवर कोणी वाक्य पुरं करू दिलं नव्हतं, आणि आता सगळ्या ओसरीला माझं वाक्य संपेपर्यंत बसून राहणं भाग होतं. असा आनंद मला आयुष्यात झाला नाही, हे खरं सांगते. मी धोंडीबापर्यंत चालत गेले.

नवरा तुजा आयलाय, दुसरी नवरी नेयाला,
माजी शालू देत नाय, तुज्या पाटावं बसाला.

नारळ त्याच्या पुढ्यात ठेवला. ठेका थांबला. आणि मीही थांबले. एक पाय पुढे, एक मागे, कमरेत वाकलेली, चारजणांच्या मधोमध.

धोंडीबाने नारळ पावण्यांकडे सरकवला. मग म्हणाला, "नाव आलाय. पाट मांडा." काळूने पाट आणून मांडला. तो रिकामा पाट गोविंदाच्या समोरच आला. गोविंदा म्हणाला, म्हातारी येडी झालीये. पण ते तो पाटाकडे न बघता म्हणाला, आणि त्याच्याच बरोबर आलेल्या एका म्हाताऱ्याने मान खाली घातली. "या पाटासमोर सुपारी फुटत नाय," धोंडीबा म्हणाला. पावणे उठले.

शालू आतून धावत आली आणि मला मिठी मारून रडली. मी तशीच, वाकलेली. लोकांची नजर मात्र तिच्यावर नव्हती, माझ्यावर होती. "चालली की!" कोणीतरी म्हणालं. "बोलली की! घडाघडा!" मालन म्हणाली, "म्हंजे सगला येतं हिला."

त्या दिवसापासून मला कोणी उचललं नाही. कशाला उचलतील? आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं सगळ्यांनी. ताट चुलीपाशी ठेवून मालन म्हणे, "गानं बोल न ये." गावातली पोरं अंगणात येऊन ताट वाजवत, म्हातारी चालते का बघायला. हसू नका, कधी कधी त्यांच्या ठेक्यावर मी खरंच दोन पावलं चालायचे, आणि मग पोरं आणखी ओरडायची. ज्या एका गाण्याने माझी पोर सुटली त्यानेच मला खोटारडी ठरवलं.

काळू मात्र चिडला नाही, त्याला लागलं. एके दिवशी कारखान्याला सुट्टी होती, तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. "आये, मी तुना पाठीवर घेऊन ठान्याला गेलू. दोन वरसं उंबरा पार केला. तुना येत व्हता तं मना आधी का नाय सांगितला? मी काय शत्रू हाय?" आणि तो थांबला. आयुष्यात पहिल्यांदा माझा मुलगा थांबला. सायकलकडे बघितलं नाही, शब्द पुरा केला नाही. मी पूर्ण जीव एकवटून सांगायला निघाले की बाबा रे, येत नाही, मला तुझ्याशी बोलता येत नाही, ते येणं वेगळं आणि हे वेगळं. पण त्याच्या डोळ्यांत जेवढी वाट दिसत होती तेवढं ते दार घट्ट होत होतं. "गाऊन सांग," तो शेवटी म्हणाला. कुचेष्टेने नाही, अगदी काकुळतीने. पण धवले लग्नाचे असतात. मेलेल्यांना बोलावायचे असतात. जिवंत मुलाला समजवायची चाल मला कोणी शिकवली नव्हती. तो उठून गेला. तो खाडीकडे पोचला असेल तेव्हा माझ्या तोंडून शब्द पडला, "बाला." ऐकायला कोंबडी होती.

दिवाळी झाल्यावर माझी बहीण हौसा कल्याणहून आली. ती तिथे एका प्रसूतिगृहात आया आहे. म्हणाली, शालूला पाठव माझ्याकडे, शिकलेली पोर आहे, तिथे बाळंतपणाचं काम शिकवतात, पायावर उभी राहील. इथे मोडलेल्या सुपारीची पोर म्हणून कोण विचारणार? शालूचे डोळे चमकले आणि लगेच विझले. तिने माझ्याकडे बघितलं.

ती माझ्याशेजारी सूप घेऊन बसली. सुपात तांदूळ घेतले, नेहमीसारखी खाली मान घातली. "आये, मी जाऊ?" ती म्हणाली. "तू नको बोललीस तं नाय जात. खरंच नाय जात."

मला ठाऊक होतं ती खरं बोलतेय. मी नको म्हटलं तर ती जन्मभर इथे राहील, मला उंबऱ्यापाशी ठेका देत, ताट हाताशी आणून देत, माझ्या एकेका शब्दासाठी तांदूळ निवडत. ती गेल्यावर माझं वाक्य पुरं होईतो थांबणारं या घरात कोणी उरणार नव्हतं. मला भीती वाटली. इतकी भीती तर मला सुपारीच्या दिवशीही वाटली नव्हती.

"आये, जाऊ?" तिने दुसऱ्यांदा विचारलं. बोटांनी सुपाच्या कडेवर हलकेच ठेका धरला, माझ्यासाठी. टक, टक, टक. ठेका अंगात उतरला. नको हा शब्द पोटातून निघाला, छातीतून वर आला आणि थेट दातांच्या मागे येऊन उभा राहिला. दार सताड उघडं होतं. तोंड उघडायचं, की तो बाहेर.

"तिसऱ्यांदा ईचारतंय हां," ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न केला. "आये, मी जाऊ?"

मी दात घट्ट मिटले.

ती थांबली. किती थांबली. सुपातले तांदूळ निवडून झाले तरी थांबली, बोटं ठेका देत राहिली. मग बोटं थांबली. तिने माझा हात घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला आणि आत कपडे भरायला गेली.